आधी दादू, मग तांदूळ

“मॅडम, कासव रडतं का?”

श्रुतिकाने विचारलं आणि शाळेचा अख्खा हॉल हसून फुटला. नववी ‘ब’ची पोरं बाकं बडवायला लागली. मागच्या रांगेत रुचिरा आणि सपना एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या, कारण प्रश्न त्यांचाच होता. “एवढी निवेदिका झालीस ना, मग विचारून दाखव,” असं रुचिराने डबा खाताना म्हटलं होतं. “नाही विचारलंस तर आठवडाभर तुझी बटाट्याची भाजी माझी.”

ही श्रुतिका परब गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणताना सुद्धा आवाज गिळणारी मुलगी होती. पण गॅदरिंगच्या दिवशी निवेदन करणारी मुलगी तापाने आडवी झाली, बाईंनी घाईघाईत हिच्या हातात माईक कोंबला, आणि त्या माईकने हिचं जे काही झाकण उघडलं ते पुन्हा लागलंच नाही. आता हिला गप्प कसं करायचं, ही शाळेपुढची नवी चिंता होती.

पाहुण्या म्हणून आल्या होत्या त्या प्राण्यांच्या डॉक्टर, जानकी मॅडम. त्या मात्र हसल्या नाहीत. हॉल शांत होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, “कासव आपल्यासारखं रडत नाही. पण त्याचे डोळे सुजतात, ओले दिसतात. तेव्हा ते आजारी असतं. तुझ्याकडे आहे का?”

“नाही. म्हणजे... शेजाऱ्यांकडे.”

“डोळे सुजलेत त्याचे?”

“हो. उघडतच नाही. खात पण नाही.”

“पाण्यातलं आहे की जमिनीवरचं?”

श्रुतिका गडबडली. “कासव आहे मॅडम. कासवासारखं कासव.”

पोरं परत हसली. जानकी मॅडमनी हाताचा पंजा वर केला आणि बोटं फाकवली. “पाय बघ त्याचे. बोटांमध्ये बदकासारखा पडदा असेल तर ते पाण्यातलं. हत्तीच्या पायासारखे खांब असतील, तर जमिनीवरचं. जमिनीवरच्याला पाण्यात ठेवलं तर ते पोहत नाही, नुसतं तग धरतं. आणि मग एक दिवस धरत नाही.”

श्रुतिका खाली बसली. “कडक विचारलंस यार!” रुचिरा कुजबुजली. पण श्रुतिकाला ते ऐकू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे चार पाय आले होते. जाडजूड, खरबरीत, थेट हत्तीचे.

ते कासव म्हणजे दादू, आणि तो शेजाऱ्यांकडे नाही, श्रुतिकाच्याच घरात होता, तिच्या जन्माआधीपासून. आजोबा गिरणीत होते तेव्हा कुणीतरी मुंबई सोडून जाताना त्याला त्यांच्याकडे टाकून गेलं होतं. पाठीवर काळ्यावर पिवळ्या चांदण्या, कुणी ब्रश घेऊन एकेक काढल्यासारख्या. गिरणीत दादू नावाचा एक मित्र होता, भोंगा झाला तरी सावकाश डबा धुऊन, सावकाश चपला घालून सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडायचा. म्हणून हाही दादू.

विक्रोळीत कन्नमवार नगरच्या जुन्या इमारतीत परबांची खोली तळमजल्याला होती. मागे पत्रा घालून काढलेली पडवी आणि पडवीपुढे हातभर माती. त्या मातीत एक जास्वंद, एक शेवगा आणि दादू. सकाळी ऊन आलं की दादू उन्हात, ऊन सरकलं की दादू सरकायचा. कुणाला त्याच्यासाठी काही करायला लागायचं नाही.

आणि परबांच्या घरातला सगळ्यांत लाडका किस्सा दादूचाच होता. मोठ्या पावसात नाला तुंबून घोट्याएवढं पाणी घरात शिरलं की आजोबा सगळ्यांत आधी दादूला उचलून कपाटावर ठेवायचे. मग तांदळाचा डबा. मग टीव्ही. आई, म्हणजे नंदा, तांदळावर झडप घालत ओरडायची, “अहो, कासव आहे ते! पोहेल की! तांदूळ पोहणार आहेत का?” आजोबा काही बोलायचे नाहीत. गणपतीला सगळे जमले की हा किस्सा निघायचाच, आणि दर वर्षी माणसं पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

मग आजोबा गेले. मग कितीतरी वर्षं अडकलेलं इमारतीच्या पुनर्विकासाचं काम सुटलं, जुनी इमारत पडली, भाड्याच्या घरात दिवस काढले, आणि यंदा परबांना पंधराव्या मजल्यावर घर मिळालं. हॉल, स्वयंपाकघर आणि चक्क दोन खोल्या. त्यातली एक श्रुतिकाची, एकटीची! बाबा, म्हणजे सुबोध परब, चावी हातात आली तेव्हा दादूला उचलून म्हणाले होते, “हे सगळं याच्या पायगुणाने.”

त्या पायगुणाची परतफेड बाबांनी मनापासून केली. हॉलच्या उत्तरेच्या भिंतीला टीव्ही युनिट करून घेतलं आणि त्यात खाली काचेची लांब टाकी बसवली. सुतार प्लाय कापून गेला, पण काचेचे सांधे बाबांनी स्वतः भरले. कामावरून आले की शर्ट न बदलता मांडी घालून बसायचे, जीभ दातांत धरून. आत पांढरे गोटे, निळा लाईट, छोटासा पूल. आणि पाणी. दादूच्या अर्ध्या पाठीपर्यंत पाणी आणि बसायला एक दगड.

“आमच्या गावच्या विहिरीत कासव होतं,” बाबा येईल त्याला सांगायचे. “पोहरा सोडला की खालून वर यायचं. ते होतं तोवर पाणी कसं काचेसारखं! माझ्या वडलांना बिचाऱ्यांना मुंबईत विहीर कुठून मिळणार? म्हटलं, आपण तरी याला पाणी द्यावं.”

पाणी दिलं, आणि दादू मिटला. आधी त्याने खाणं सोडलं, मग डोळे उघडणं.

शाळेतून घरी आल्या आल्या श्रुतिकाने दप्तर फेकलं, टाकीत हात घातला आणि दादूचा पाय हातात धरला. खांब. पडदा नाही, काही नाही. पाय थंडगार होता, फ्रीजमधून काढलेल्या काकडीसारखा.

संध्याकाळी बाबा दारात चपला काढत होते तेव्हाच ती सुरू झाली. “बाबा, दादू जमिनीवरचा आहे. पाय बघा त्याचे. तो बुडतोय!”

“अगं, दगडावर बसलाय की मस्त.”

“मस्त नाही बाबा, तो पडू नये म्हणून बसलाय!”

“श्रुते, मी लहानपणापासून कासवं बघितलीत. नवीन जागा आहे, रुळेल. आपण नाही का रुळलो?”

“तो मरेल!”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “संध्याकाळच्या वेळी काय बोलतेस? रविवारी घरात सत्यनारायण आहे. तुझ्या आत्या, काका, सगळे ते युनिट बघायला येतायत. बाबांनी हाताने केलंय ते. जरा कळतं का तुला?”

कळत होतं, तीच तर पंचाईत होती. बाबांच्या बोटांना अजून त्या सांध्यांचा चिकट वास होता. माईक हातात घेऊन पाचशे जणांसमोर बोलणारी श्रुतिका तीन माणसांच्या घरात आवाज चढवूनही कुणाला ऐकू जात नव्हती.

मग तिने स्वतःच जागा करायची ठरवलं. आई-बाबा कामावर असतात तेवढ्या वेळात, आपल्या खोलीत.

दादूचं सगळं कळल्यावर रुचिरा आणि सपना दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरळ तिच्या घरी आल्या. पैज लावली म्हणून थोडी लाजही वाटत होती त्यांना. युनिटच्या उरलेल्या प्लायच्या फळ्या बाल्कनीत होत्या. त्या उभ्या करून, कोपऱ्यांना पॅकिंगची पट्टी गुंडाळून खिडकीखाली चौकोनी कुंपण उभं राहिलं. खाली नव्या गादीचं प्लॅस्टिक.

“आता माती,” श्रुतिका म्हणाली.

तिघी खाली उतरल्या आणि येड्यासारख्या फिरल्या. सगळीकडे पेव्हर ब्लॉक. झाडं होती ती कुंड्यांत, आणि कुंड्यांवर पाटी, ‘हात लावू नये’. जुनी इमारत होती तिथे निळे पत्रे ठोकलेले, आत खड्डा, खड्ड्यात गाड्यांसाठी तळघर. जास्वंद नाही, शेवगा नाही, हातभर मातीही नाही.

“मुंबईत मातीची टंचाई आहे हे भूगोलात नव्हतं,” सपना म्हणाली.

“गप गं! तो मरतोय आणि तुला जोक सुचतात.”

शेवटी हायवेच्या कडेच्या नर्सरीतून मातीचं पोतं आणलं. रिक्षावाला कुरकुरला, लिफ्टमधल्या काकू कुरकुरल्या. माती पसरली. एका कोपऱ्यात फुटकी कुंडी आडवी टाकून गुहा केली. पाणी प्यायला उथळ ताटली ठेवली. ऊब द्यायला पिवळा बल्ब हवा होता, तो माळ्यावर सापडला, गणपतीच्या मखराच्या खोक्यात. बाजारातून जास्वंदीची फुलं आणि शेवग्याचा पाला. अभ्यासाचं नवंकोरं टेबल दाराकडे सरकवून खिडकी मोकळी केली. दुपारचं ऊन काचेतून आत येऊन बरोबर मातीवर पडलं.

दादूला टाकीतून काढून, पुसून, तिने मातीवर ठेवलं. तिघी पोटावर पालथ्या पडून बघत राहिल्या.

काही झालं नाही. नंतरही काही झालं नाही. रुचिराचा पाय झोपला. आणि मग दादूने मान बाहेर काढली. नाक मातीला लावलं. डावा डोळा किलकिला झाला, बारीकसा, पण झाला! त्याने एक पाऊल टाकलं.

“यार!” रुचिरा किंचाळली. सपनाच्या डोळ्यांत पाणीच आलं. श्रुतिका तर पलंगावर उभी राहून नाचायला लागली.

तेवढ्यात बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला.

श्रुतिकाने दादूला उचललं, पायांची माती झटकली आणि धावत जाऊन टाकीत ठेवलं. पाण्याला पाय लागताच त्याने जी मान आत ओढली, ती तिला आपल्याच छातीत ओढल्यासारखी वाटली.

रोज असंच. दुपारी माती, संध्याकाळी पाणी. आईने कुंपण बघितलं तेव्हा श्रुतिकाने ‘विज्ञानाचा प्रकल्प’ म्हणून थाप मारली. आणि रोज दादूचा तो एक डोळा थोडा कमी उघडायला लागला. मग नाकाशी फेस दिसला. पाण्यात तो एका बाजूला कलायला लागला, एकीकडे ओझं भरलेल्या होडीसारखा.

शनिवारी तिने शाळेच्या फलकावरून जानकी मॅडमचा नंबर घेतला. फोटो पाठवले आणि श्वास रोखून फोन केला.

“हे शेजाऱ्यांचं आहे?” मॅडमनी विचारलं.

“नाही. माझं आहे. माझ्या आजोबांचं.”

“कलतोय म्हणजे सर्दी छातीत उतरलीय त्याच्या. ऊन मिळतं?”

“मिळतं ना! खिडकीतून मस्त येतं.”

“काच उघडी असते का?”

श्रुतिकाने खिडकीकडे पाहिलं. पंधरावा मजला, वारा, धूळ. काच कधी उघडलीच नव्हती. “बंद असते.”

“काचेतून ऊब येते बाळा. त्याला जे ऊन लागतं ते काचेतून येत नाही. आणि रात्रभर पाण्यात?”

“मी काढते ना दुपारी! मी जागा केलीय त्याच्यासाठी, माती आणलीय, बल्ब लावलाय...” तिचा आवाज फाटला.

मॅडम हळू म्हणाल्या, “जागा छान केलीयस. पण दुपारी वाचवायचं आणि संध्याकाळी बुडवायचं, असं किती दिवस चालेल? आणि ऐक, हे चांदण्यांचं कासव आहे. ते घरात पाळायला कायद्याने बंदी आहे. माझ्याकडे आणलंस तर मी उपचार सुरू करेन आणि त्याला रीतसर वनखात्याकडे सोपवेन. तो परत घरी येणार नाही. हे आधीच सांगते.”

“नाही!” श्रुतिका म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

परत येणार नाही? आजोबांचं घर गेलं, पडवी गेली, जास्वंद गेली. एक दादू उरला होता. तो पण देऊन टाकायचा? त्यापेक्षा बाबांनाच पटवू, पाणी काढायला लावू, काच उघडी ठेवू. पण बाबा फुलांच्या पुड्या आणि केळीचे खुंट घेऊन आले ते घामाघूम, खुशीत. “उद्याचा दिवस जाऊ दे श्रुते,” एवढंच म्हणाले. “पूजा होऊ दे. मग तुझं सगळं ऐकतो.”

रविवारी घर माणसांनी भरलं. कथा झाली, आरती झाली, शिऱ्याचा वास जिन्यापर्यंत गेला. टाकी आज काठोकाठ भरून चमकत होती. बाबांनी पहाटेच पाणी बदललं होतं, आणि पाहुणे येणार म्हणून नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं. वर गुलाबाच्या पाकळ्या. निळा लाईट. दगडाचं फक्त टोक पाण्याबाहेर होतं आणि त्या टोकाला दादू पुढचे दोन पाय टेकून होता.

“काय झकास केलंस रे सुबोध!” नंदकुमारकाका म्हणाले. शेवंती आत्याने काचेला हळद-कुंकू लावून हात जोडले. पोरं काचेवर टकटक करत होती.

“आत्या, त्याला पाणी सोसत नाही गं,” श्रुतिका कळवळून म्हणाली.

“अगो, कासव पाण्यात नाय ऱ्हवतला तर खंय ऱ्हवतला?” आत्या हसली. “आमच्या विहिरीतला आठवता मां रे सुबोधा?”

“आणि अण्णा आठवतात का?” आजोबांचा विषय काढत नंदकुमारकाकांनी शिऱ्याचा घास गिळला. सगळ्यांना कळलं काय येणार ते, आधीच हसू पसरलं. “घरात पाणी शिरलं की काय करायचे? आधी दादू कपाटावर...”

“मग तांदूळ!” चार-पाच जण एकदम ओरडले.

“मग टीव्ही! आणि ही नंदा ओरडते, अहो पोहेल की ते!”

हॉल हसण्याने हलला. आई तर तोंडाला पदर लावून हसत होती.

श्रुतिका हसली नाही. तिने हा किस्सा शंभर वेळा ऐकला होता, स्वतः सांगितला होता, आजोबांची नक्कल करून. आज तो तिने पहिल्यांदा ऐकला. पाणी यायचं. आजोबा त्याला उचलायचे. दर वेळी. सगळ्यांच्या आधी.

टाकीत दादूचा एक पाय दगडावरून घसरला. तो कलला, नाक पाण्याखाली गेलं, पाकळ्यांमध्ये एक बुडबुडा आला. मग आणखी एक. मग काही नाही.

श्रुतिकाने नव्या ड्रेसच्या बाहीसकट हात टाकीत घातला. पाणी उसळून युनिटवर, टीव्हीवर, खाली सतरंजीवर सांडलं. कोणीतरी “अगं, अगं!” केलं. तिने दादूला बाहेर काढून तोंड खाली केलं. त्याच्या नाकातून पाणी निथळलं आणि शिट्टीसारखा बारीक आवाज आला.

“श्रुते!” बाबा ओरडले. “लोकांसमोर? पूजेच्या दिवशी?”

“बाबा, आजोबा त्याला कपाटावर का ठेवायचे?”

“काय?”

“पाणी आलं की कपाटावर. तांदळाच्या आधी. का?” तिचा आवाज गॅदरिंगचा नव्हता, थरथरत होता, पण भिंतीपर्यंत पोचत होता. “आपण हसतोय इतकी वर्षं. त्यांना माहीत होतं बाबा. तो पोहत नाही हे त्यांना माहीत होतं. आपण विचारलंच नाही!”

आईच्या हातातली प्रसादाची वाटी तशीच राहिली. “त्यांनी मला एकदाही उलट उत्तर दिलं नाही,” ती पुटपुटली. “मी आपली ओरडायचे.”

“आमच्या विहिरीत...” बाबांनी सुरुवात केली आणि थांबले. श्रुतिकाने दादूचा पाय त्यांच्यापुढे धरला. बाबांनी बोट लावलं. त्या जाड खांबावरून, नखांवरून, जिथे पडदा असायला हवा होता तिथून त्यांचं बोट सावकाश फिरलं. मग त्यांनी टाकीच्या सांध्यांकडे पाहिलं, स्वतःच्या हाताने भरलेल्या, एक थेंब न गळणाऱ्या. खांद्यावरचं नवं उपरणं काढून त्यांनी दादूभोवती गुंडाळलं.

“तुझ्या खोलीत ठेवू,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “ती माती केलीयस ना तू? मी खिडकीला जाळी बसवतो. काच उघडी ठेवू. मी मोठी जागा करतो त्याला, बाल्कनीभर...”

हेच तर तिला हवं होतं! शनिवारी हे वाक्य आलं असतं तर ती बाबांच्या गळ्यात पडली असती. उपरण्यात दादूची छाती घरघरत होती. एक डोळा किलकिला होता, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता, आईकडे, बाबांकडे, कुणाकडेच बघत नव्हता. नुसता हवा शोधत होता.

कपाट, श्रुतिकाच्या मनात आलं. आता आपल्या घरात उंच कपाटच नाही. पाण्यापासून, आपल्यापासून लांब, उंच असं काही.

तिने ओल्या बाहीने नाक पुसलं. “नाही बाबा. जागा मी करून बघितली. आपल्याकडे त्याच्यासाठी जागा नाहीये.” आणि मग आईकडे वळून, दोघांना ऐकू जाईल अशी, ती म्हणाली, “मी आत्ता जानकी मॅडमना फोन करतेय. दादूला मी त्यांच्याकडे देऊन येणार आहे, कायमचा. परत आणायला नाही. तुम्ही दोघं येताय, की मी एकटीच रिक्षा करू?”